मुक्या नाळेची सहल

मोकल सर दरवर्षी भर पावसात नववीच्या वर्गाला काहीही नसलेले दाखवायला घेऊन जात. हे वर्णन त्यांचेच. मुख्याध्यापक विचारत, कुठे नेताय? सर सांगत, निगडेखारच्या पुलावर. काय आहे तिथे? काही नाही, तेच दाखवायचे आहे. परवानगी दरवर्षी मिळे, कारण या उत्तरावर पुढे काय विचारायचे हे एकाही मुख्याध्यापकाला सुचले नाही.

१९९०च्या दशकात मी पेणहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. बातमी लिफाफ्यात घालायची, एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ती अंकात शोधायची, असे ते काम होते. शोधण्यातच जास्त वेळ जाई. अशात कोणीतरी सांगितले की पेण आणि रोहा तालुक्यांच्या मधल्या डोंगराच्या पायथ्याशी, निगडेखार गावाच्या वर, एक पूल आहे आणि त्याखालून आजवर कधी पाणी गेलेले नाही. नदी नसताना पूल, म्हणजे बातमी. पुरावा पक्का हवा म्हणून मी मुद्दाम धो धो पावसाचा दिवस निवडला. नवे बूट घालून गेलो, कारण वार्ताहर नीटनेटका दिसला पाहिजे असे तेव्हा माझे मत होते. ते मत आणि ते बूट दोन्ही त्याच दिवशी संपले.

पुलावर आधीच एक वर्ग उभा होता. मुलांच्या मधोमध काळी छत्री धरलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले एक उंच, काळेसावळे, किंचित डाव्या बाजूला कललेले गृहस्थ होते. खाली खोल दरी होती. दोन्ही अंगांना तासल्यासारखे काळे कातळ, तळाशी गुडघाभर गवत. समोरच्या डोंगरावरून दिसेल तिथून पाणी कोसळत होते. या दरीच्या तळाला मात्र घोटा भिजेल एवढाच ओलावा होता. पावसाळ्यात सगळा डोंगर ओरडतो आणि ही बोलत नाही म्हणून गावाने तिचे नाव मुकी नाळ, म्हणजे मुकी दरी, ठेवले होते.

मी ओळख दिली आणि या प्रकाराला जबाबदार कोण असे विचारले.

"पलीकडच्या पिंपळकोंडचा ओढा," सर म्हणाले. "गुन्हा लाखो वर्षांपूर्वीचा आहे. आज छापलात तर चालेल?"

मग त्यांनी खिशातून मोसंब्याएवढा, अगदी गुळगुळीत गोल दगड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. सर डावीकडे का कलतात ते तेव्हा कळले. "हा गोटा डोंगराच्या माथ्यावर सापडला. तिथे नदी नाही, समुद्र नाही. मग हा गोल कोणी केला?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलणे भाग होते. एखाद्या देवळासाठी कोणी घडवून घेतला असावा, असे मी म्हणालो. पोरे हसली. सरांनी त्यांना गप्प केले आणि सांगितले की हसू नका, पाहुण्यांनी निदान कारण शोधले. तुमच्यापैकी अर्ध्यांनी गेल्या आठवड्यात मला 'तो जन्मापासून तसाच आहे' असे सांगितले होते.

पुलाची बातमी मी लिहिली नाही. सरांच्या म्हणण्याप्रमाणे पूल बांधणाऱ्याची चूक नव्हती. त्याने दरी बघितली, दरी म्हटल्यावर पाणी आलेच, म्हणून पूल बांधला. "दरी खरी, पूल खरा. फक्त नदी पळवलेली आहे," ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतले आणि घरी येऊन बूट उन्हाची वाट बघत ठेवले.

तो गोटा सरांच्या खिशात कायम असे. वहिनींनी एकदा डावा खिसा शिवून टाकला. सर उजवीकडे कलून चालू लागले. भेटणाऱ्या प्रत्येकाला ते गोट्याचा प्रश्न विचारत, आणि उत्तर कितीही वेडगळ असले तरी 'तुमच्यापेक्षा वाईट उत्तर मी स्वतः दिले होते' असे म्हणत. ते खरे होते. गोटा पहिल्यांदा सापडला तेव्हा सर पदवीच्या वर्गात होते आणि तो आकाशातून पडला असे समजून त्यांनी तो प्राध्यापकांकडे पोचवला होता. प्राध्यापकांनी सांगितले, हा ओढ्यातला गोटा आहे. आता ओढा कुठे गेला ते शोध. सर म्हणत, "तेव्हापासून शोधतोय. ओढा मिळाला, अक्कल अजून यायचीय."

त्यांचे घराणे मिठागरावरचे. निगडेखारच्या पाठीशी डोंगर आणि पुढे थेट धरमतरच्या खाडीपर्यंत खारी जमीन. सरांचे वडील मीठ पिकवायचे. सर सांगत, "आमच्याकडं सगळ्यात उंच जागा म्हणजे मिठाची रास. मी तिच्यावर चढून डोंगर बघायचो." एकदा अवेळी पाऊस आला आणि उघड्या राशीवर बदाबदा कोसळला. राशीच्या अंगावर ओघळ पडले, ओघळांच्या चऱ्या झाल्या. एका बाजूची चरी खोल खात खात माथ्याकडे सरकली, पलीकडच्या चरीला भिडली आणि तिचे पाणी आपल्याकडे ओढून घेतले. पलीकडची चरी तशीच राहिली, आकाराला पुरी पण कोरडी. पोरगा टक लावून बघत बसला. बापाने येऊन एक ठेवून दिली. बापाचे मीठ वाहून चालले आहे आणि पोरगा नद्या बघतो आहे, असे तो म्हणाला. "माझ्या विषयाचं पहिलं प्रात्यक्षिक," सर गालावर हात ठेवून सांगत. "फी तिथल्या तिथं भरली."

हेच प्रात्यक्षिक ते पेणच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांडून करत. टेबल जरा कलते हवे म्हणून त्याच्या एका पायाखाली मी लिहीत असे त्या दैनिकाचा अंक घालत. त्या अंकाचा एवढा ठोस उपयोग झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही. चहाचे दोन ओघळ निघत, सर काडीने एकाची वाट खोल करत, आणि तो दुसऱ्याला कवेत घेई. मालक फडके घेऊन आला तर त्याला थांबवत. "अहो, आत्ता नदी वळतेय, दोन मिनिटं द्या." मालक म्हणे, नदी वळू द्या, गिऱ्हाइकाच्या धोतरावर वळवू नका.

कोरड्या दऱ्या कशा होतात हे सर वर्गात नीट सांगत. काही मुलखांत दगडच असा असतो की पाणी त्याला विरघळवून खाली उतरते आणि जमिनीच्या पोटातून वाहते. वर दरी रिकामी राहते. काही ठिकाणी पूर्वी बर्फ होता, पाऊस जास्त होता, आता नाही. आपला कातळ काळा, तो असा विरघळत नाही, आणि पावसाची तर आपल्याकडे कमी नाही. मग आपल्याकडे दरी कोरडी पडते ती शेजाऱ्यामुळे. डोंगराच्या दोन अंगांना दोन ओढे असतात. ज्याचा उतार जास्त त्याचे पाणी जोरात, ते डोंगर मागे मागे कोरत माथ्याकडे जाते. एक दिवस ते दुसऱ्याच्या उगमाला भिडते आणि त्याचे पाणी आपल्याकडे पाडते. ज्याचे पाणी गेले त्याची खालची दरी तशीच राहते. ती मुकी नाळ.

इथपर्यंत ठीक होते. पण पाठ्यपुस्तकातला धडा मुलांच्या डोक्यात राहत नाही म्हणून सरांनी त्याचा खटला केला. एक मुलगा फिर्यादी नाळ, एक आरोपी ओढा, एक पंच, आणि मुद्देमाल म्हणून बादलीभर पाणी. गोटा हा साक्षीदार. त्याला टेबलावर ठेवून उलटतपासणी घेतली जाई. परीक्षेत या धड्यावरचा प्रश्न कोणी सोडत नसे. काही जण उत्तराच्या शेवटी आरोपीला शिक्षाही सुनावत, आणि सर त्याला अर्धा गुण जास्त देत.

एका वर्षी हा खटला शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक म्हणून झाला. निगडेखारची बरीच मुले शाळेत होती, म्हणून अर्धे गाव बघायला आले. पुढच्या रांगेत सरपंच दामू पाटील होते. दामू म्हणजे सरांचा लहानपणीचा सोबती, मिठाच्या राशीवरून दोघे एकत्र घसरलेले. मीही होतो, कारण संमेलनाची बातमी पाठवायची होती. नाटकात आरोपी ओढ्याने आपला गुन्हा कबूल केला आणि बादलीतले पाणी फिर्यादीच्या हंड्यात ओतले. टाळ्या पडल्या. दामू पाटलांनी टाळी वाजवली नाही. ते मान हलवत होते.

यामागे साधे कारण होते. निगडेखारला पाणी नव्हते. गावातल्या विहिरी पावसानंतर काही महिने गोड असत. मग खाडीचा खार जमिनीखालून सरकत येई आणि होळीच्या आसपास विहिरींना मिठाची चव लागे. त्यापुढे बायकांना लांबून हंडे आणावे लागत, नाहीतर टँकरची वाट बघावी लागे. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून आलेली पोरे आंघोळीला थांबत नसत, कारण आंघोळीनंतर अंग आणखी चिकट होई. मुक्या नाळेच्या पायथ्याशी एक तळे खणावे, ते भरावे आणि विहिरींत गोड पाणी उतरावे, ही मागणी जुनी होती. अडचण एवढीच की तळे भरायला नाळेत पाणी नव्हते.

संमेलनानंतरच्या ग्रामसभेला दामू पाटलांनी सरांना निरोप धाडून बोलावले. सरांनी मलाही नेले. बातमीसाठी नाही, 'कोणीतरी तटस्थ असावा' असे ते म्हणाले. तटस्थ माणूस दाराजवळ बसला आणि त्याला कोणी चहा विचारला नाही.

कोणाचा काही गैरसमज नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. सभेतल्या प्रत्येकाला माहीत होते की ओढा म्हणजे माणूस नव्हे आणि नाटक म्हणजे कोर्ट नव्हे. पण माथ्यावर ओढा वळतो ती जागा गुराख्यांना पाठ होती, आणि पाणी एके काळी इकडे येत होते हे आता मास्तरांनी सगळ्यांसमोर सिद्ध केले होते. ओढ्याच्या वळणावर बांध घालावा आणि पाणी आपल्या नाळेत परत आणावे, असा ठराव मांडला गेला.

सर उठले. ही चोरी नाही, उतार आहे, असे त्यांनी सांगितले.

"उताराला गाव नाय, मास्तर," दामू म्हणाले. "पानी पिनाऱ्याला गाव हाय. पिंपळकोंड."

"लाखो वर्षं झाली त्याला."

"चोरी जुनी झाली की माल चोराचा व्हतो काय? तुमच्या नाटकात तर नाय झाला."

सर खाली बसले. परतताना त्यांनी मला सांगितले की तीस मुलांना समजावा म्हणून केलेला धडा इतका चांगला समजला, याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप होतो आहे. शिकवणे बेताचे असावे, असे ते म्हणाले. इतर शिक्षक ते किती सहज साधतात.

पिंपळकोंड डोंगराच्या पलीकडे, रोहा तालुक्यात. तिथे सरांची धाकटी बहीण काशी दिलेली होती.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. शाळेचा शिपाई, दोन शिक्षक आणि खुद्द सर यांनी सांगितलेले तपशील एकमेकांशी जुळतात, म्हणून देतो. काशीताई रोह्याहून गाडीने आली, स्टेशनवरून चालत शाळेत आली आणि शिक्षकांच्या खोलीत सरांच्या टेबलावर पाण्याचा प्लास्टिकचा कॅन ठेवला.

"दादा, मुद्देमाल आनलाय. जप्त करून घे."

"गो काशे, बस तरी."

"बसू कशी? चोराच्या घरची हाय मी."

सरांनी विचारले, तुला कोणी सांगितले. तुझ्याच शाळेतल्या पोरी आमच्याकडे एका लग्नाला आल्या होत्या, त्यांनी अख्खे नाटक करून दाखवले, ती म्हणाली. वऱ्हाड हसले. काशीताईचा नवरा मात्र पंगतीतून उठला. मग ती बसली आणि आवाज खाली आणून बोलली. उन्हाळ्यात तिचे गाव एका डोहावर जगत होते. ओढ्याचे वाहणे थांबले तरी त्या डोहात पाणी राही. वर बांध पडला तर डोह भरणार नाही.

"मंग मी पानी कुठून आनू? माहेराहून?" ती म्हणाली. "माहेरचा तर खारट हाय."

सर उठले, पेला शोधला, कॅनमधले पाणी ओतून प्याले. गोड आहे, म्हणाले. गोडच आहे, म्हणून तर भांडण आहे, असे ती म्हणाली आणि कॅन तिथेच ठेवून गेली. त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा निरोप आला नाही. सर मला म्हणाले, "लोकांच्या बहिणी घराच्या वाटणीवरून बोलायच्या थांबतात. माझी धड्यावरून."

सरांसमोर एक सोपी वाट होती. वळणावर बांध होणारच नाही, जमिनीची पातळी बसत नाही, असे मास्तर म्हणाले असते तर दामूने मान्य केले असते. गावात दुसरा भूगोलवाला नव्हता. सरांनाही वाटत होते की उत्तर 'नाही' असेच असावे. म्हणून ते मोजायला गेले.

एका गवंड्याकडून त्यांनी पाण्याची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून दोन टोके दोन माणसांनी धरली की दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येते. ओसरीची फरशी सपाट आहे का ते गवंडी यावर बघतात, सरांना डोंगर बघायचा होता. एका सकाळी आम्ही चढलो. निगडेखारची माणसे दामूबरोबर, पिंपळकोंडची काशीताई आणि तिच्या नवऱ्याबरोबर. दोन्हीकडच्यांच्या कमरेला कोयते होते, पण ते नेहमीच असतात. नळीचे दुसरे टोक कोण धरणार यावर वाद झाला. दोन्ही गावांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून टोक तटस्थ माणसाला दिले. त्याने पहिल्याच खेपेला तोंडावर अंगठा न लावताच नळी खाली केली आणि सगळे पाणी स्वतःच्या शर्टावर घेतले. त्या दिवशी दोन्ही गावे एकत्र हसली ती प्रथम तेव्हा.

माथ्यावर मुक्या नाळेचे तोंड आहे. दोन टेकाडांच्या मधली सपाट खिंड, तिथे गवतात गोल गोटे अजून पडलेले. तिथून थोड्या अंतरावर ओढा येतो, अचानक काटकोनात वळतो आणि रोह्याच्या बाजूला उडी घेतो. पातळी घेतली. वळणावर ओढ्याचा तळ खिंडीपेक्षा साधारण दोन पुरुष, म्हणजे दोन उभ्या माणसांएवढा, खाली होता. वळल्यानंतरच्या काळात ओढ्याने तेवढे खोदून घेतले होते.

"दोन पुरुष म्हंजी काय," दामू म्हणाले. "बांध हुईल की."

सर्वांनी सरांकडे पाहिले. काशीताई पाहत नव्हती, ती ओढ्याकडे बघत होती.

"होईल," सर म्हणाले. "मजबूत घातलात तर होईल. सगळं पाणी इकडं येईल आणि डोह मरेल."

खरे बोलायला त्यांना बराच वेळ लागला होता आणि बोलल्यावर कोणालाच बरे वाटले नाही. सर नळी गुंडाळून ओढ्याच्या काठाने वर चालू लागले. कुठे चाललात, मी विचारले. ते म्हणाले, इथे दोन बाजूंना दोन गावे आहेत, वरच्या बाजूला कोणी नाही. मी मागे गेलो, कारण नळीचे दुसरे टोक माझ्याकडे होते.

ओढा वरून उतरत येत होता. म्हणजे जितके वर जाऊ तितका त्याचा तळ उंच. एका ठिकाणी तो खिंडीच्या पातळीला आला, आणखी वर जाता तिच्याहून जरासा उंच झाला. सर तिथे थांबले. तिथून डोंगराच्या कडेने एक उथळ पाट काढला तर पाणी आपल्या पायांनी खिंडीत उतरेल, बांधाची गरज नाही. आणि पाटाचे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा हातभर वर ठेवायचे. ओढा भरून वाहील तेव्हाच वरचे जास्तीचे पाणी पाटात शिरेल. पाऊस ओसरला की पाट आपोआप कोरडा. डोहाचे पाणी डोहाला.

सरांनी हे सगळे खाली येऊन मातीत काठीने रेघा ओढून सांगितले, वर्गात सांगत तसेच. फक्त चोर आणि फिर्यादी हे शब्द वापरले नाहीत. काशीताईच्या नवऱ्याने एकच विचारले, यांनी पाटाचे तोंड हळूच खाली केले तर? त्यावर सर म्हणाले की तोंडाला फळी बसवू, आणि फळी पिंपळकोंडकडे राहील, काशीच्या घरात. तिला वाटेल तेव्हा ती लावेल.

"चोराच्या हातात चावी देताय, मास्तर," दामू म्हणाले.

काशीताई पहिल्यांदा बोलली. "तुमच्याच गावची पोरगी हाय मी, दामूभाऊ. माझी आय त्याच विहिरीचा खारट पानी पिऊन गेली."

दामू पाटलांनी बराच वेळ कोयत्याने गवत उगाच छाटले. मग म्हणाले, फळी लाकडाची नको, पावसात फुगेल, कंपनीतून पत्रा आणू.

उतरताना सर मुक्या नाळेच्या तोंडाशी गवतात बसले. मला वाटले दमले असतील. मी म्हणालो, सुटला म्हणायचा प्रश्न. ते म्हणाले, "प्रश्न सुटला, धडा बुडाला." मला लगेच कळले नाही. ते गोटा खिशातून काढून दोन्ही हातांत फिरवत होते.

त्या हिवाळ्यात पाट झाला. परवानग्यांचा विषय दामू पाटलांनी स्वतःकडे घेतला आणि तो शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. शिफ्ट सुटलेली पोरे आळीपाळीने खणायला येत, पलीकडून पिंपळकोंडची येत. सर दर रविवारी जात. त्यांना दगड उचलू देत नसत, कारण ते उचललेला प्रत्येक दगड उलटसुलट बघत आणि मागची रांग थांबे. मग त्यांना नळी धरायला बसवले. निगडेखारने नाळेच्या पायथ्याशी तळे खणले. मी सविस्तर वृत्त लिहून एसटीने धाडले. 'पेण तालुक्यात ओढ्याचे काम पूर्ण' या मथळ्याखाली तीन ओळी आल्या, वर दंतमंजनाची जाहिरात होती. सरांनी ते कात्रण वर्गात लावले. वृत्तपत्रसुद्धा कोरडी दरीच आहे, ते म्हणाले. आकार मोठा, पाणी कमी.

पुढच्या वर्षी निगडेखारच्या विहिरी होळीला गोड होत्या. त्यानंतर केव्हातरी पुन्हा खारटल्या, पण आधीपेक्षा पुष्कळ उशिरा. भाऊबीजेला काशीताईचा निरोप आला. निरोपात एवढेच होते की येताना कॅन परत आण.

सरांना मी शेवटचे पाहिले ते त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी, त्याच पुलावर. माझी बदली ठरली होती, म्हणून मुद्दाम सहलीला गेलो, या वेळी चपला घालून. नववीचा वर्ग होता, तीच काळी छत्री. वर काशीताईने पत्र्याची फळी काढलेली असणार. पुलाखालून तांबडे पाणी दोन्ही कातळांना घासत धावत होते. आवाज एवढा की सरांना ओरडून बोलावे लागत होते आणि ओरडायची त्यांना सवय नव्हती.

एका मुलीने पुस्तक उघडून त्यावर प्लास्टिक धरले होते. तिने विचारले, "सर, कोरडी दरी कुठंय?"

"पायाखाली," सर म्हणाले. "मीच बुडवली. तुमची बॅच दुर्दैवी. परीक्षेत आला तर जुन्या मुलांना विचारा."

पोरे हसली, मग पाणी बघायला कठड्याशी गेली. सर तिथेच राहिले. त्यांनी खिशातून गोटा काढला, शर्टाला पुसला, जणू आता कोणाला दाखवायचा आहे. कठड्यावरून हात बाहेर काढला आणि खाली सोडला. गोटा पडल्याचा आवाज पाण्याच्या आवाजात आला नाही.

"जा," सर म्हणाले. "सुट्टी संपली तुझी."

मग ते वळले आणि मुलांना मोजायला लागले. चालताना ते आता कुठल्याच बाजूला कलत नव्हते.